मे महिन्यातला मामा

अण्णामामाच्या वर्षश्राद्धाला शेवटची पंगत उठली आणि आम्ही भाचरं सोप्यात लवंडलो. पोटं जड झालेली, अंगणात उन्हाची तिरीप, आतून भांडी घासल्याचा आवाज. कुणीतरी मामाचा विषय काढला आणि मग किस्से थांबेनात. भिलवडी स्टेशनवर आम्हाला आणायला तो ट्रॅक्टर घेऊन यायचा आणि ट्रॉलीत चक्क घरातली गादी अंथरलेली असायची, तो किस्सा. पत्त्यांच्या डावात मुद्दाम हरायचा आणि हरल्यावर डोक्यावर टोपी उलटी घालून गावातून चक्कर मारायचा, तो किस्सा. आम्ही हसत होतो, मधेच कुणाचा तरी आवाज भरून येत होता, पुन्हा हसत होतो. माझा थोरला मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, हातात खिरीची रिकामी बादली घेऊन उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. एका किश्श्याच्या शेवटी तो म्हणाला, "तुमचा मामा लई भारी हुता गं. आमाला बी तसलाच बाप पायजे हुता." बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "थ्री फेज आली का बगून येतो," म्हणत बादली खाली ठेवून तो मळ्याकडे निघून गेला.

परतताना कराड येईपर्यंत गाडीत कुणी त्या वाक्याचा विषय काढला नाही. कराडच्या पुढे चहाला थांबलो तेव्हाही नाही.

माझं आजोळ तासगाव तालुक्यात, सावळजच्या अलीकडे. आमच्या लहानपणी तिकडे जायचं म्हणजे मे महिन्यातच. परीक्षा संपली, निकाल लागला, की आई आम्हाला गाडीत घालून द्यायची आणि पुढचं सगळं मामावर सोडायची. मामा उंच, काळा, हाडाचा मोठा. त्याच्या अंगाला तंबाखू, गंधक आणि ऊन यांचा मिळून एक वास असायचा. ट्रॉलीतून उतरवताना तो आम्हाला काखेत धरून उचलायचा तेव्हा तो वास नाकात जायचा आणि सुट्टी सुरू व्हायची. हाताच्या भेगांत निळसर रंग बसलेला. कितीही घासलं तरी न जाणारा. मी विचारायचे, "मामा, हे काय?" तर म्हणायचा, "शाई हाय. तुज्या मामानं लई अभ्यास केलाय." पुढे कळलं की तो मोरचूद, बागेवर फवारायच्या औषधातला. विहिरीला पाणी असलं तर पोहायला न्यायचा. पाणी नसलं, आणि त्या भागात मेमध्ये ते बहुतेक नसायचंच, तर टँकरच्या नळीखाली आम्हाला उभं करायचा आणि मग मामी ओरडायची की बागेला विकत घेतलेलं पाणी पोरांच्या अंगावर घालताय. तो हसायचा. "आगं, पोरं बी वाडवायची हायत की." रात्री अंगणात एका ओळीत अंथरुणं. तो कडेला. झोप येईपर्यंत कवठेएकंदच्या दसऱ्याच्या आतषबाजीचं वर्णन, प्रत्येक औटाच्या आवाजासकट. ती शोभेची दारू मी प्रत्यक्ष पाहिली त्याला फार वर्षं झाली. पण आजही डोळ्यांपुढे येते ती मामाच्या तोंडून ऐकलेली.

गंमत अशी की द्राक्षाच्या बागाईतदाराची भाची असून वेलीवरची द्राक्षं मी मोठी होईपर्यंत पाहिली नव्हती. आम्ही जायचो तेव्हा बागेत काही नसायचं. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघून गेलेला, एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली. मंडपाच्या तारांवर नुसती खोडं आणि ओलांडे, म्हणजे तारांवरच्या आडव्या फांद्या, त्यांतून नुकत्या फुटलेल्या कोवळ्या काड्या. "मामा, द्राक्षं कुठायत?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. तो एक काडी हळूच वाकवायचा आणि पानाच्या बेचक्यातला डोळा बोटानं दाखवायचा. "हितं. आत्ता आत घड हुतोय. दिसत न्हाय, पर हुतोय." आम्हाला ती थाप वाटायची. ती थाप नव्हती. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड उन्हाळ्यातच तयार होतो. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की तो फुटीबरोबर बाहेर येतो, एवढंच. त्या दिवसांत ढगाळ राहिलं, काड्या दाटीत राहिल्या, पाण्या-खताचा ताळमेळ चुकला, तर आत घड होतच नाही आणि कळतं ते चार-पाच महिन्यांनी. आता छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत पाठवून डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. मामाच्या उमेदीत तसलं काही नव्हतं. तो काडी बोटात धरून फिरवायचा, तिची जाडी अंगठ्यानं अजमावायचा आणि ठरवायचा.

आणि द्राक्षं यायची ती पुण्याला. फेब्रुवारीत, कुणा ना कुणाबरोबर, चार-चार किलोच्या पेट्यांत. झाकण उघडलं की वर निळा कागद, त्याखाली घड, घडांवर ती पांढरट पावडर, जी पुसायची नाही असं आई दरवर्षी बजावायची, कारण भावानं तसं सांगून ठेवलेलं. पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदाखाली, गेल्या सालच्या बेदाण्याची एक पुडी. ती फक्त माझी, हे मामाचं आणि माझं गुपित. सगळ्या इमारतीला द्राक्षं वाटली जायची. वाटताना आई प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणायची, "भावाच्या बागेतली आहेत." त्या वाक्यासाठी ती जिने चढायची असं मला आता वाटतं. मामाची बाग तास-ए-गणेशची. बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी थॉम्पसन या जातीतून निवडलेली ही जात. तिच्या नावातला 'तास' तासगावचा आणि 'ए' आर्वेंचा, हे तो आम्हाला इतक्या वेळा सांगायचा की जणू ती जात त्याच्याच ओट्यावर बसून निघाली. पुढं एका प्लॉटात नान्नजच्या काळे यांची सोनाका ही जात लावली. आर्वे आणि काळे ही दोन नावं घेताना तो उजव्या हातानं कानाच्या पाळीला स्पर्श करायचा, गवई आपल्या गुरूचं नाव घेताना करतात तसा. शिक्षण सातवी. पण शेतकऱ्यानं आपल्याच बागेतली एक वेल वेगळी ओळखून काढावी आणि तिच्यावर तालुक्याचा तालुका उभा राहावा, याचं त्याला जे वाटायचं ते मी पुढे कुठल्या विद्यापीठातल्या माणसाच्या तोंडावरही पाहिलं नाही.

भाऊबीजेला मात्र मामा कधी आला नाही. आई दरवर्षी संध्याकाळी ताट तयार करायची, थोडा वेळ वाट पाहायची आणि मग गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. आमच्या घरची भाऊबीज अशीच. मग मे महिन्यात मामा साडी द्यायचा, ताटात नोट टाकायचा आणि म्हणायचा, "उशिरा आली तरी बीजच हाय." घरातली सगळी लग्नं, जावळं, वास्तुशांती त्यानं एप्रिल-मेमध्ये ढकललेली. माझ्या धाकट्या भावाचं जावळ मामाच्या मांडीवर व्हायचं म्हणून पोर दीड वर्षाचं होईपर्यंत केस वाढवून हिंडत होतं. माझं लग्नही मेमध्ये. भर दुपारी, पंखे नुसते फिरत होते. अंतरपाटापलीकडे गोंधळ, अक्षता अंगावर आदळत होत्या आणि माझ्या पाठीशी मामा उभा. त्याचा श्वास डोक्यावर जाणवत होता. शेवटच्या मंगलाष्टकाला त्यानं हळूच विचारलं, "तहान लागलीया का?" सबंध दिवसात एवढंच कुणीतरी मला विचारलं होतं.

अपवाद एक, तासगावच्या गणपतीचा रथ. अठराव्या शतकात पटवर्धनांनी बांधलेलं ते सात मजली गोपुराचं देऊळ, उजव्या सोंडेचा गणपती आणि ऋषिपंचमीला माणसांनी दोरखंडानं ओढायचा तो प्रचंड रथ. एका वर्षी आईबरोबर मीही गेले होते. मामानं मला खांद्यावर घेतलं. गुलालानं त्याची टोपी लाल झाली होती, पेढे आणि खोबऱ्याचे तुकडे अंगावर पडत होते, तो ओरडत होता, मी ओरडत होते. गणपती म्हणजे सप्टेंबरच्या आसपास. फळछाटणीला अजून दोन-चार आठवडे बाकी. हे गणित मी आत्ता, एवढ्या वर्षांनी मांडते आहे.

दुसरा मामा मी पाहिला तो नोकरीला लागल्यावर. सांगलीला ऑफिसचं काम निघालं, नोव्हेंबर होता, म्हटलं न कळवता आजोळी जाऊ. पोचले तेव्हा अंधारून आलं होतं, आभाळ भरलेलं. घरी कुणी नव्हतं. मळ्यात गेले तर लांबूनच आवाज ऐकू आला. मामाचा आवाज, पण तो मी ओळखला नाही. बॅरलपाशी दादा मान खाली घालून उभा होता आणि मामा त्याला जे बोलत होता ते इथे लिहिता येणार नाही. बुरशीवरचं बोर्डो मिश्रण करताना मोरचूद आणि चुना वेगवेगळे विरघळवून एकत्र करायचे. मग लखलखीत विळा त्यात बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी, तसंच फवारलं तर कोवळी फूट जळणार. विळ्यावर तांबूस आलं होतं. चूक पकडली गेली होती, चुना टाकून सुधारता येण्यासारखी होती. पण मामा थांबत नव्हता. मामी पलीकडे वेलीखाली उभी, हातात फेल काढलेल्या, म्हणजे नको म्हणून खुडलेल्या कोवळ्या फुटींची ओंजळ. ती आमच्याकडे बघतही नव्हती. दादा तेव्हा सांगलीला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्या वर्षीनंतर तो कॉलेजला गेला नाही, एवढं मला माहीत होतं. कारण मात्र आम्हाला "त्याला शेतीची आवड" असं सांगण्यात आलं होतं.

मग मामाचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी तो क्षण फार जवळून पाहिला. कपाळावरची शीर तशीच टरारलेली होती आणि तिच्याखाली माझा मामा हसला. "आलीस व्हय गं पोरी!" आवाजसुद्धा बदलला. हात धोतराला पुसत पुढे आला. त्याच्या मागे दादा खाली वाकून बॅरलमध्ये चुना ढवळत होता.

त्या रात्री मी राहिले. तीनला जाग आली तर मामा बॅटरी घेऊन बाहेर पडत होता. मीही मागोमाग गेले. त्या दिवसांत बाग फुलोऱ्यात असते. फुलोरा म्हणजे दिसायला काहीच नसतं, हिरवट दाणे आणि त्यावर बारीक टोप्या, पण वास असतो, फार हलका आणि गोड. तेव्हाच पाऊस किंवा नुसतं दव जास्त पडलं तर दावण्या येतो. पानाच्या वर पिवळसर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी. पानावर असेल तर निभतं, घडात शिरला तर दोन-चार दिवसांत घड तपकिरी होऊन वाळून जातात आणि वर्षाचा खर्च वर्षाआधीच झालेला असतो. मामा एकेका वेलीखाली वाकत होता, पान उलटं करत होता, बॅटरी मारत होता, पुढे सरकत होता. मला म्हणाला, "पान उलटं करून बगायचं. वरनं समदी पानं चांगलीच दिसत्यात." ओळ संपली की मिनिटभर उभा राहून आभाळाकडे बघायचा. मी काहीतरी बोलले असेन, त्यानं ऐकलं नाही. त्या मिनिटात त्याच्या लेखी मी तिथे नव्हते. कुणीच नव्हतं.

सकाळी मजूर बायका आल्या. पुढच्या महिन्यात डिपिंग सुरू होणार होती त्याचं बोलणं चाललं होतं. मण्याची फुगवण व्हावी म्हणून जीए या संजीवकाचं पाणी मगमध्ये घेऊन प्रत्येक घड त्यात बुडवून काढायचा, एकरात हजारो घड, दिवसभर हात वर. मामीनं खांद्याला तेल चोळत हसत सांगितलं, "डिपिंग झाली की वेणी घालाय हात जात न्हाईत मागं. महिनाभर आंबाडाच." मी लहान असताना मामी आमच्या वेण्या घालायची. मे महिन्यात.

आम्हाला वर्षानुवर्षं मिळालेल्या पेटीमागे काय होतं याची मोजदाद मामेभावंडांनी कधी आमच्यासमोर केली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. एका साली बाहेरच्या राज्यातला व्यापारी माल भरून गेला, चेक देऊन गेला, तो चेक वटला नाही आणि माणूसही पुन्हा दिसला नाही. तासगाव भागात ही गोष्ट नवी नाही. प्रत्येक गावात असा एखादा बुडालेला हंगाम सापडेल. त्या साली मामीच्या पाटल्या गेल्या. त्याच साली आमच्या घरी दोन पेट्या आल्या होत्या, कारण मी दहावीला होते. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबेचना. कृष्णाकाठच्या महापुराला जेमतेम तीन महिने होत होते, मामाचा मळा काठापासून लांब म्हणून त्यातून सुटला होता, पण या पावसातून नाही सुटला. निम्मी बाग घडकुजीत गेली. उरलेला माल तयार झाला तेव्हा मार्च २०२० उजाडला आणि टाळेबंदी लागली. व्यापारी नाही, मजूर नाही, रस्त्याला गाडी नाही. मामानं सगळ्याचा बेदाणा केला. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा दिवस वाळू द्यायची. चार किलोचा एक किलो होतो. घरातल्या माणसांनीच तो केला. मी फोन केला की मामा म्हणायचा, "मज्जेत हाय. तुजी पुडी बाजूला काडली." पुढे दादा सांगत होता की बेदाण्याच्या सौद्यात ढिगातला माल कसा उधळला जातो ते बघून आण्णा एकदा सौदा सोडून बाहेर येऊन बसले होते. "रडत नव्हतं," तो म्हणाला. "नुसतं हातावर चार बेदाणं घिऊन बसलं हुतं."

हे सगळं कळलं म्हणून माझा मामा खोटा ठरत नाही. मला हे स्वतःशी बऱ्याचदा म्हणावं लागलं, त्या एका वाक्यानंतर. भाचराला मामा हा नेहमी फुरसतीतला मिळतो, त्यात त्याचा दोष नसतो आणि भाचराचाही नसतो. पण ती फुरसत कुणीतरी घडवलेली असते. आम्ही अंगणात ओळीनं झोपायचो तेव्हा आमच्या पाठीखालची वाकळ कुणी शिवली, पहाटे आमच्यासाठी चुलीवर पाणी कुणी ठेवलं, आम्ही टँकरखाली नाचायचो तेव्हा दादा कुठे असायचा? मला तो कुठल्याच किश्श्यात आठवत नाही. पत्त्यांच्या डावात नाही, ट्रॉलीत नाही. एका फोटोत आहे, कडेला, हातात नळीचं वेटोळं घेऊन. वय बारा असेल. आणि गंमत म्हणजे तो माझ्यावर कधीच रागावला नाही. मामाच्या प्रेमातला वाटा आम्ही नेला असं त्याला वाटत असेल तर त्यानं ते पंचवीस-तीस वर्षांत एकदाच बोलून दाखवलं, तेही खिरीची बादली हातात असताना.

मामा गेला तो नोव्हेंबरमध्येच. पहाटे बागेतून आला, पायरीवर बसला, चहा मागितला. मामी चहा घेऊन येईपर्यंत संपलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि दुपारपासून आभाळ भरायला लागलं. बाग फुलोऱ्यात होती. फवारणीचा दिवस आदल्या दिवशीच उलटून गेला होता. सोप्यात भावकीतली वडीलधारी बसलेली, बाहेर दादा येरझाऱ्या घालतोय, मधेच आभाळाकडे बघतोय, कुणी काही बोलत नाही. सुतकात बागेत पाय कसा घालायचा? एक म्हातारे म्हणाले, "एका फवारणीनं काय हुतंय." सगळ्यांना माहीत होतं काय होतं ते. मग आतून मामी बाहेर आली. कपाळ मोकळं, आवाज बसलेला. सगळ्यांदेखत म्हणाली, "फवार जा. त्येनी असतं तर त्येनीबी फवारलंच असतं. माज्या मयताला बी थांबलं नसतं ते." शेवटचं वाक्य तिनं प्रेमानं म्हटलं का कडवटपणे, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावं. पाच मिनिटांत ब्लोअर चालू झाल्याचा आवाज आला. मामा गेल्याच्या दुःखात त्या तीन दिवसांत घरात पहिल्यांदा कुणीतरी मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं.

वर्षश्राद्धानंतर महिन्याभरानं मी दादाला फोन केला. थेट विषय काढायचा धीर नव्हता, म्हणून बागेचं विचारलं, द्राक्षाच्या दराचं विचारलं, मग हळूच म्हटलं, "त्या दिवशी तू बोललास ते..." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आगं, उन्हाळ्यात आण्णा आमच्याशी बी हसाय लागायचं. पर तवर आमी बोलायचं सोडल्यालं असायचं." मग लगेच, "कात्री त्येंचीच वापरतो आजून. दुसरी हातात बसत न्हाय." आणि औषधांच्या किमती कशा वाढल्यात त्यावर आला. मी ऐकत राहिले. तो औषधांबद्दल बोलतोय तेवढ्यापुरता अगदी मामासारखा बोलत होता, शब्दांच्या मध्ये तसाच थांबत, जिभेवर तसाच 'आं' घेत. मी त्याला ते सांगितलं नाही. आवडलं असतं की नाही, कोण जाणे.

त्यानं जुना तास-ए-गणेशचा प्लॉट या वर्षी काढून टाकला. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी तालुक्याच्या बऱ्याच भागाला पाणी दिलं तसा तिकडे ऊस वाढत चाललाय; ऊस रात्री तीनला उठवत नाही. सोनाका ठेवली, आगाप छाटली आणि जानेवारीतच माल दिला. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर मुलांच्या बरोबरीनं मामीचं नाव लागलं. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या जमिनीत राबलेल्या बाईचं नाव कागदावर पहिल्यांदा आलं, ते मालक गेल्यावर. तलाठ्याकडून आणलेला उतारा तिनं देवघरातल्या फोटोमागे ठेवलाय, असं वहिनी सांगत होती. मामाच्याच फोटोमागे.

फेब्रुवारीत मामी माझ्याकडे पुण्याला आली. आयुष्यात पहिल्यांदा फेब्रुवारीत घराबाहेर. पहिले दोन दिवस तिला काय करावं कळेना. पहाटे उठून गॅलरीत उभी राहून आभाळ बघायची. तिसऱ्या दिवशी आम्ही भाजी आणायला निघालो तर कोपऱ्यावर द्राक्षांची हातगाडी. मामी थांबली. घड उचलला नाही, आधी देठ पाहिला. मग एक मणी तोडून दोन बोटांत दाबला. "देट तपकिरी पडल्यात. चार-पाच दिसांचा माल हाय. साल जाड लागंल, जीए जास्त झालंय," ती मला म्हणाली, पण गाडीवाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं. मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत द्राक्षांबद्दल आम्ही सगळं मामाला विचारलं होतं; मामीला काय विचारायचं तर जेवायला काय आहे. गाडीवाला भाव सांगत होता. मामीनं तोंडातल्या तोंडात किलोचे चारनं गुणून पेटीचा हिशेब केला, दादाला यंदा मिळालेल्या दराशी ताडून पाहिला आणि जो फरक निघाला तो ऐकून गाडीवाला हसायला लागला.

"मावशी, द्राक्षाची बाग हाय काय तुमची?"

"हाय की. माजी हाय," मामी म्हणाली. "तासगावला. आता नीट भाव सांग, आन् खालचा घड दाव. वरचं काय मी बगत न्हाय."